आधी काम बघा, मग हात: कार्यक्षमता तपासणी शिकणाऱ्या थेरपिस्टसाठी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दुखापत झालेला माणूस त्याचं काम परत करू शकेल का हे बघणं, म्हणजे कार्यक्षमता तपासणी, हे माझं काम. माझ्याकडे दरवर्षी पाच-सहा इंटर्न येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचा हात आधी ग्रिप डायनामोमीटरकडे जातो. वस्तूच तशी आहे. मूठ आवळली की काटा फिरतो, आकडा मिळतो आणि तो ऐटीत कागदावर लिहिता येतो. मी तो कपाटात ठेवते, कुलूप लावते आणि त्यांना कारखाना बघायला भोसरीच्या बसमध्ये बसवते.

यामागे एक जुनी चूक आहे, माझीच. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर उजव्या तर्जनीचं टोक गेलेला एक ऑपरेटर आला. वय तिशीचं, जखम भरलेली, सांधे मोकळे. ग्रिप, म्हणजे मुठीचा जोर, उजवीकडे ३४ किलो, डावीकडे ३६. मी खुशीत लिहून दिलं, ‘मूळ कामावर रुजू होण्यास हरकत नाही.’ चौथ्या दिवशी तो परत हजर. त्याच्या कामात तेलकट पत्र्याच्या गठ्ठ्यातून एकेक ब्लँक (कापलेला तुकडा) चिमटीने सुटा करायचा असतो. बोटाच्या थोट्या टोकाला पत्र्याची कड लागली की कोपरापर्यंत झिणझिण्या जात होत्या. मुठीत जोर किती, हे त्या मशीनने त्याला विचारलंच नव्हतं. मी मात्र तेवढंच विचारलं होतं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. हा लेख त्या क्रमाने लिहितेय.

पाठवणाऱ्याला नेमकं काय हवंय?

चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘फिटनेस’ एवढंच लिहिलेलं असतं. फोन करा आणि विचारा. कंपनीच्या एचआरला तो सोमवारपासून घ्यायचा की नाही एवढंच कळायला हवं असतं. सर्जनला अजून थेरपी द्यावी का हे हवं असतं. वकिलाला कमाईची क्षमता किती गेली हे हवं असतं. आणि स्वतः कामगाराला काय हवंय हे कोणी विचारलेलंच नसतं. या प्रत्येक प्रश्नासाठी तपासणी वेगळी असते. प्रश्न कळला नसेल तर तारीख देऊ नका.

अपंगत्वाच्या टक्केवारीचं एक इथेच सांगून टाकते, कारण नवे थेरपिस्ट हमखास त्यात अडकतात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एक तक्ता घालून दिला: अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४, मधलं बोट १२. टक्के ठरवणं डॉक्टरांचं आणि मेडिकल बोर्डाचं काम आहे, आपलं नाही. पण तक्त्यातल्या १४ टक्क्यांचा अर्थ लेथवरच्या माणसाला आणि वॉचमनला सारखा नसतो, हे सांगण्यासाठी आपणच लागतो. मोटार अपघाताच्या एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक मांडला. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची क्षमता जवळजवळ पूर्ण गेली असं होऊ शकतं. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. अवयवाचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मधली जागा आपल्या रिपोर्टने भरायची असते.

शॉप फ्लोअरवर काय न्यायचं, काय मोजायचं

पिशवीत पाच गोष्टी: मेजरिंग टेप, हुकाचा ताणकाटा, स्टॉपवॉच, खडू आणि सेफ्टी शूज. शूज स्वतःचे न्या. गेटवर मिळतात ते सगळे नऊ नंबरचे असतात. फोटोची परवानगी आधी लेखी घ्या. नाहीतर मोबाईल गेटवरच जमा होतो आणि तुम्ही चित्र काढत बसता. (मी चित्रंच काढते. काढताना नीट बघितलं जातं.)

सुपरवायझर सांगेल, ‘हलकं काम आहे मॅडम, बसूनच असतं.’ मान डोलवा आणि मोजायला लागा. एका प्रेसवर मी इंटर्नना घेऊन उभी राहिले, तिथला हिशेब असा निघाला. एक स्ट्रोक, म्हणजे प्रेसची एक खालीवर फेरी, सहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १० आणि तासाला ६००. जेवण-चहा वजा जाता साडेसात तासांत ४,५०० तुकडे. एक तुकडा ७० ग्रॅमचा. क्रेटमध्ये २५० तुकडे, म्हणजे साडेसतरा किलो आणि क्रेटचे दीड, एकूण १९ किलो. भरलेला क्रेट जमिनीवरून उचलायचा आणि चार मीटरवरच्या पॅलेटवर ठेवायचा, शिफ्टमध्ये १८ वेळा. आता सांगा, हे हलकं काम?

अमेरिकेच्या कामगार खात्याची जुनी वर्गवारी जगभर वापरतात. दिवसाच्या एक तृतीयांशापर्यंतचा वेळ म्हणजे ‘कधीमधी’. कधीमधी साधारण साडेचार किलोपर्यंत उचलावं लागलं तर बैठं काम, ९ पर्यंत हलकं, साडेबावीसपर्यंत मध्यम, ४५ पर्यंत जड आणि त्यापुढे अतिजड. या पट्टीने आपला ‘बसूनच असतं’वाला प्रेस ऑपरेटर मध्यम गटात जातो. सुपरवायझर खोटं बोलत नव्हता. तो फक्त स्टूल बघत होता, क्रेट नाही.

ही पट्टी मार्केट यार्डात नेली की ती कमी पडते. तिथे सिमेंटच्या गोणीसारखं ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालणं हा अपवाद नसून रोजचा धंदा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुषाने हातांनी वाहायच्या वजनासाठी ५५ किलो ही रेघ सुचवली. कामाच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र तर अगदी आदर्श स्थितीतही २३ किलोपासून सुरू होतं आणि वजन शरीरापासून लांब गेलं, पाठ वळली, फेऱ्या वाढल्या की खाली येतं. हमालाची तपासणी करायची तर क्रेट उचलायला देऊन भागत नाही. पोतं पाठीवर कसं चढवतात, चढवायला दुसरा माणूस असतो का, फळीवरून ट्रकमध्ये चढायचं असतं का, हे बघावंच लागतं.

आणि फक्त कामगाराचे हात बघू नका. त्याचे पाय कुठे आहेत, दिवा कुठून येतो, हातमोजे कोणते, पंखा आहे का, शेजारचा माणूस अडचणीत मदत करतो का. ढकलगाडी सुटायला किती जोर लागतो हे ताणकाटा हँडलला अडकवून ओढलं की कळतं. चाक कचऱ्याने अडकलेलं असेल तर तेवढंच साफ करायला सांगून निम्मा प्रश्न सुटल्याचं मी पाहिलंय.

खोली कशी मांडायची

लाखोंची मशीन नसली तरी चालतं. माझी खोली जुन्या बाजारातून उभी राहिली. भाजीवाल्याचे प्लास्टिक क्रेट, जाड कापडाच्या पिशव्यांत शिवून घेतलेली वाळू (एक, अडीच आणि पाच किलो, वाण्याच्या काट्यावर तोलून वर रंगाने लिहिलेली), स्लॉटेड अँगलचा रॅक ज्याचे खण वरखाली करता येतात. भंगारातून आणलेल्या लोखंडी पाटीवर एम-६, एम-८, एम-१० असे नटबोल्ट बसवलेत, आणि दहाचा, तेराचा, सतराचा पाना. फिटर आला की पाटी कमरेच्या उंचीला, इलेक्ट्रिशियन आला की डोक्याच्या वर. भोकांत खुंट्या बसवून बोटांची चपळाई मोजायची नऊ भोकांची पेग टेस्ट आणि पर्ड्यू पेगबोर्ड आहेत, पण ते त्याच्या कामाला पूरक म्हणून. पेगबोर्डावर कोणी पगार देत नाही.

डायनामोमीटरला मात्र शिस्त हवी. वर्षातून एकदा तरी कॅलिब्रेशन, आणि मध्ये शंका आली की ठाऊक असलेलं वजन टांगून बघायचं. बसवण्याची पद्धत ठरलेली आहे: खुर्चीत ताठ, खांदा अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळच्या जवळपास, हँडल दुसऱ्या खाचेत, तीन वेळा आणि सरासरी. कोपर एकदा वाकलेलं आणि एकदा सरळ ठेवून घेतलेल्या आकड्यांची तुलना म्हणजे एकाच माणसाची चप्पल घालून आणि चप्पल काढून उंची मोजणं.

तपासणीच्या दिवशी

आधी कागद. सर्जनची परवानगी, हाड जुळल्याचा एक्स-रे, हर्निया किंवा हृदयाचा त्रास नाही याची खात्री. मग रक्तदाब आणि नाडी. विश्रांतीत १६०/१०० च्या वर असेल तर मी त्या दिवशी वजन उचलायला देत नाही, मग तो तीन तास बसने प्रवास करून का आला असेना. नाडीची वरची मर्यादा २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के. चाळिशीच्या माणसाला १५३. तिथे थांबायचं.

मग बोलणं. ‘दुखतं का?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर तयार असतं. ‘दादा, शिफ्ट सुरू झाल्यापासून सांगा, पहिलं काय करता?’ असं विचारते. पंधरा मिनिटं मध्ये न बोलता ऐकायचं. हात आपोआप कामाच्या हालचाली करू लागतात आणि कुठे थबकतात ते दिसतं. माझ्या वहीत या थबकण्याची नोंद आकड्यांच्या आधी असते.

वजनाचा क्रम: जमिनीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून खांद्यापर्यंत, खांद्याच्या वर, मग हातात घेऊन चालणं. पाच किलोपासून सुरुवात, दर टप्प्याला अडीच वाढवायचे. वजन किती झालं ते त्याला सांगायचं नाही. क्रेटवर फडकं टाकलेलं असतं. आणि ‘शाब्बास, अजून एक!’ म्हणायचं नाही. व्यायामशाळा नाही ही.

थांबायचं कधी, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो माणसानेच ‘बास’ म्हणावं. दुसरा, अमेरिकेत सुझन इसर्नहेगन यांनी रुजवलेला, म्हणतो की थेरपिस्टने शरीर वाचून ठरवावं. मी दुसऱ्या पंथाची, पण पहिल्याचंही ऐकून. शरीर असं वाचायचं: वजन हलकं असताना फक्त हात काम करतात, श्वास नेहमीचा. मध्यम झालं की खांदे मदतीला येतात. जड झालं की पाय फाकतात, अंग मागे रेलतं, मानेचे स्नायू दिसू लागतात, वेग मंदावतो. त्याच्याही पुढे गेलं की झटका देऊन उचलणं, क्रेट पोटावर टेकवणं, पाठ गोल होणं. झटका दिसला की त्याच्या आधीचा टप्पा हीच त्याची सुरक्षित मर्यादा.

हे डोळ्यांना शिकवावं लागतं, वाचून येत नाही. आम्ही एकमेकांवर सराव करतो. एक इंटर्न उचलतो, बाकीचे चिठ्ठीवर ‘हलकं, मध्यम, जड, कमाल’ लिहितात आणि एकदम उघडतात. पहिल्या आठवड्यात पाच जणांची चार उत्तरं येतात. तीन आठवड्यांनी दोन. तोवर कोणालाही खऱ्या रुग्णाचा रिपोर्ट लिहू देत नाही.

किती कष्ट वाटतात हे माणसाने स्वतः सांगायची, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी सगळे वापरतात, पण तिचं शब्दशः भाषांतर करून दिलं की माणूस तुमच्याकडे बघत राहतो. मी ११ ला ‘गप्पा मारत दिवसभर करता येईल’, १३ ला ‘कष्ट पडतात, पण शिफ्ट निघेल’, १५ ला ‘मध्येमध्ये थांबावं लागेल’ आणि १७ ला ‘फार तर दोन-चार वेळा’ असं सांगते. उत्तरं पटकन येतात.

एक उदाहरण बायकांच्या कामाचं, कारण ते ‘स्वयंपाकच तर करायचा’ म्हणून उडवून लावलं जातं. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी, मनगटाचं हाड मोडून जुळलेलं. ग्रिप उत्तम. पण कणीक मळताना मनगट मागे वाकवून तळव्यावर अंगाचा भार टाकावा लागतो. तो ग्रिपमध्ये कुठे दिसणार? घरातला साधा वजनकाटा टेबलावर ठेवून त्यावर तळवा दाबायला लावला. चांगल्या हाताने १८ किलो, मोडलेल्या हाताने ६ वर चेहरा आक्रसला. दर आठवड्याला तोच काटा, तोच हात. लाटणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमत होतं. म्हणून लिहिलं: लाटण्यावर लगेच घ्या, मळण्यावर नको. कँटीनने दुसऱ्या बाईकडे परात दिली, प्रश्न मिटला.

तपासणी एका दिवसात उरकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलवा. पाठीचा माणूस तपासणीच्या दिवशी जोशात वीस किलो उचलतो आणि दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकता येत नाही. दुसरा दिवस जमत नसेल तर निदान फोन करा.

‘नाटक करतोय का?’

हा प्रश्न कंपनीकडून येणारच. उत्तर देण्याआधी कामगाराच्या जागी उभे राहा. जास्त जोर दाखवला तर भरपाई कमी होईल, कमी दाखवला तर नोकरी जाईल. कंत्राटी असेल तर दोन्हीची भीती एकदमच.

आकडे काही सांगतात, पण सगळं नाही. तीन ग्रिप २८, ३०, २९ आल्या तर फरक साडेतीन टक्क्यांच्या आत, प्रयत्न एकसारखा. १४, २२, १७ आल्या तर सरासरीच्या मानाने विचलन २३ टक्के. बरेच जण १५ टक्क्यांपुढे भुवया उंचावतात. पण हात मुळात अशक्त असेल तर दोन-तीन किलोचा साधा चढउतारही टक्क्यांत मोठा दिसतो, आणि दुखण्यानेही तसं होतं. हँडलच्या पाचही खाचांवर मोजलं की मधल्या खाचांवर जोर जास्त येऊन टेकाडासारखी रेघ मिळते. सपाट आली तर संशय घ्या असं शिकवतात. दुखापत झालेला हात खरोखरच सपाट रेघ देऊ शकतो, हे शिकवायचं राहून जातं. गॉर्डन वॅडेल यांनी १९८० मध्ये कंबरदुखीसाठी सांगितलेल्या खुणांचंही असंच झालं. त्यांचा उपयोग माणसाच्या भीतीकडे, मनाच्या ताणाकडे लक्ष द्यायला होता. लोकांनी त्यांचं लबाडी पकडायचं यंत्र केलं.

म्हणून रिपोर्टमध्ये ‘नाटक’ हा शब्द नाही आणि त्याचे सभ्य भाऊबंदही नाहीत. मी लिहिते: ‘तीन प्रयत्नांत सातत्य दिसले नाही, त्यामुळे या आकड्यांवरून कमाल क्षमता सांगता येत नाही.’ कंपनीला आवडत नाही. चालायचंच.

रिपोर्ट आणि परतीचा रस्ता

‘हलके काम द्यावे’ हे वाक्य लिहायचं नाही. हलकं म्हणजे काय ते मग सुपरवायझर ठरवतो. असं लिहा: ‘१९ किलोचा क्रेट कमरेच्या उंचीवरून उचलून चार मीटर नेऊ शकतो, तासाला तीन वेळा. जमिनीवरून १० किलोपर्यंतच. चिमटीने पातळ पत्रा सलग २० मिनिटे उचलू शकतो, त्यानंतर पाच मिनिटे थांबावे लागते.’ वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कळलं पाहिजे. वर सांगितलेल्या प्रेसवर क्रेट जमिनीऐवजी स्टँडवर ठेवला की हा माणूस त्या कामात बसतो. पत्रा सुटा करायला चुंबकाची कांडी मिळते.

इथे एक धोक्याची जागा आहे. कमजोर हाताने बटण दाबायला त्रास होतो म्हणून ‘दोन बटणांऐवजी पायडल द्या’ असं सुचवण्याचा मोह होतो. कधीही नाही. दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेस खाली येते, ही त्याच्या उरलेल्या बोटांची राखण आहे. बटणाची जागा किंवा दाब बदलता येतो का विचारा, नाहीतर दुसरं मशीन. सेन्सर आणि गार्डला हात लागेल असा कुठलाही बदल आपल्या सहीने जाता कामा नये.

तयारी कमी असेल तर वर्क हार्डनिंग, म्हणजे कामाची ताकद आणि सवय परत आणायचा सराव. दोन तासांनी सुरू करून चार-पाच तासांपर्यंत, आठवड्यात पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे, आणि व्यायाम म्हणजे त्याचंच काम. थोट्या बोटाची झिणझिणी कमी करायला डब्यात तांदूळ, मग मूग, मग राजमा, नंतर काथ्या, शेवटी कडा घासून बोथट केलेले पत्र्याचे तुकडे आणि वर थोडं मशीन ऑइल. तेल विसरू नका. कोरड्या पत्र्यावर जमणारी चिमट तेलावर सुटते, हे मला त्या पहिल्या ऑपरेटरने शिकवलं. वेळ ठरलेली, डबा घरचा, चहाची सुट्टी दहा मिनिटांची. शिफ्टची सवय मोडलेली असते, तीही परत लावायची असते.

सरकारी आस्थापनेत असाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून ठेवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. खाजगी कारखान्यातल्या माणसाला हे कवच मिळत नाही, म्हणून तिथे तुमच्या रिपोर्टचं एकेक वाक्य जास्त वजनदार असतं.

हे सगळं कुठे शिकायचं, असं मुलं विचारतात. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात आपल्याकडचं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. तेव्हापासून हे शिक्षण आपल्या दारात आहे. पदवीत पाया मिळतो. पुढचं शिकायला हँड सर्जरी युनिटमध्ये सहा महिने आणि मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी काही काळ घालवा, आणि महिन्यातून एक दिवस एखाद्या कारखान्यात उभे राहा. बघायला नव्हे, करायला. मी इंटर्नना रिकाम्या मशीनपाशी, वीज बंद करून, सहा सेकंदांच्या तालावर वीस मिनिटं तुकडे उचलायला लावते. दहाव्या मिनिटाला बोलणं बंद होतं.

शेवटचं काम फोनचं. रुजू झाल्यावर एका आठवड्याने, एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘बरं आहे’ येतं, म्हणून माझ्या वहीत तीन प्रश्न छापलेत: काल किती तुकडे झाले, क्रेट कोण उचलतं, आणि घरी गेल्यावर जेवताना घास कुठल्या हाताने खाल्ला. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने जेवायला लागला असेल, तर त्याच आठवड्यात परत बोलवा.